डोळ्याच्या दवाखान्यात कंबरेची चौकशी

मी एसटीत कंडक्टर. जळगाव–धुळे माझी नेहमीची गाडी: पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे. कंबर धरायला लागली तेव्हा तिशीही गाठली नव्हती. सगळ्यांनी रस्त्याला बोल लावला आणि तेव्हाचा रस्ता बघता मलाही ते पटलं. फक्त एक गोष्ट जुळत नव्हती. ड्यूटीवर गाडीत पुढंमागं फिरलो की कंबर मोकळी व्हायची, सुट्टीला झोपून राहिलो की आखडायची. पहाटे दुखण्यानंच जाग यायची. टाचाही ठणकायच्या. त्यावर ‘हाड वाढलंय’ म्हणून मऊ चपला घ्यायला सांगितल्या गेल्या.

मग एका पावसाळ्यात उजवा डोळा लाल झाला. गावात डोळ्यांची साथ होतीच. मेडिकलवाला म्हणाला, “भाऊ, डोळे आलेत, हे थेंब टाका.” पण घरात पोरांचे डोळे आले होते ते दोन्ही, पापण्या चिकटलेल्या, चिपडं आलेली. माझा एकच डोळा, चिपडं नाहीत, आतून ठणका, आणि ट्यूबलाइटचा उजेडही सोसवेना. तिकिटाच्या मशीनवरचे आकडे धूसर दिसायला लागले तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “सकाळी कंबर आखडते का?” बाई दुसऱ्याच कुणाचा केसपेपर बघतायत असं वाटलं मला.

डोळ्याच्या आतला, बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा सुजला होता. याला युव्हियायटिस म्हणतात. हा पडदा मागच्या भिंगाला चिकटला तर पुढं काचबिंदू, मोतीबिंदू, कधी नजरही जाते. म्हणून दर तासाला स्टेरॉइडचे थेंब आणि सोबत बाहुली मोठी ठेवणारे थेंब. डोळा निवळला. कंबरेचा तपास मात्र तिथून सुरू झाला. माकडहाडाजवळच्या सांध्यांचा एमआरआय, रक्तात एचएलए-बी२७. या जनुकाचा आणि मणक्याच्या या आजाराचा संबंध १९७३ सालापासून माहीत आहे. नुसतं जनुक असलं म्हणजे आजार होतोच असं नाही. मला झाला होता. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस.

नाशिकच्या संधिवाततज्ज्ञांनी तर कंबर सोडून सगळंच विचारलं. शौचाला रक्त पडतं का, अंगावर खपल्या येतात का, दम लागतो का. या आजाराच्या साधारण तीन-चार रुग्णांमागे एकाचा डोळा कधी ना कधी सुजतो. काहींना सोरायसिस होतो, काहींच्या आतड्याला सूज येते, क्वचित हृदयाच्या झडपेवरही परिणाम होतो. माझं पोट अधूनमधून बिघडायचं, पण त्याचा दोष घरात शेवभाजीच्या तर्रीला दिला जायचा. तपासणीत आतडं स्वच्छ निघालं. शेवभाजीच दोषी ठरली.

एक गोष्ट मात्र माझ्या धंद्याला थेट लागू होती. आखडलेला मणका आतून ठिसूळ होतो. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला आणि मी पडलो, तर साध्या मारानंही मणका मोडू शकतो. तेव्हापासून एक हात कायम दांडीला.

पुढं इंजेक्शन सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी झाली, कारण या औषधांनी दबलेला टीबी उसळू शकतो. डोळ्याचा कागद सोबत नेला होता तो इथं कामी आला. यातली काही इंजेक्शनं सांध्यांना चालतात, पण डोळ्याला तेवढी राखत नाहीत. औषध त्या हिशेबानं निवडलं गेलं.

हाडाचा डॉक्टर हाड बघतो, डोळ्याचा डोळा. दोन्हींची गाठ पेशंटलाच घालून द्यावी लागते. म्हणून माझ्यासारखी सकाळी आखडणारी, हालचालीनं सुटणारी कंबर असेल, आणि एकच डोळा लाल होऊन उजेड सोसेनासा झाला, तर मेडिकलच्या थेंबांवर दिवस काढू नका. जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्यात हिरे महाविद्यालय आहे. त्याच दिवशी डोळ्यांच्या ओपीडीत जा, आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता कंबरेचं सांगा.