ओरत्तनाडुच्या गोठ्यातले न दिसणारे कुंपण

तंजावूरहून पट्टुक्कोट्टैच्या रस्त्याने दक्षिणेला निघालात, की साधारण २५ किलोमीटरवर ओरत्तनाडु लागते. मराठी माणसाचे या गावाशी जुने नाते आहे. तंजावूरचे भोसले राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी आपल्या प्रिय मुक्तांबाळ हिच्या नावाने इथे छत्र बांधले. रामेश्वरच्या यात्रेकरूंना तिथे मुक्काम आणि जेवण मिळे. छत्राची वास्तू आजही उभी आहे.

छत्र पाहून झाले, की थोडे गावाबाहेर चला. कालव्याच्या पाण्यावर पिकलेली भातशेती, घरामागे गोठा, गोठ्यात एखादी गाय आणि शेजारी म्हैस. आपल्याकडच्यासारखेच दृश्य. २०१२ पासून गावात सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयही आहे. सजीवांच्या प्रजाती वेगळ्या कशा होतात आणि वेगळ्या कशा राहतात, हे समजून घ्यायला याहून सोपी जागा कुठे मिळणार?

एकच गोठा, दोन जग

गाय आणि म्हैस एकाच गव्हाणीत खातात, एकाच तळ्यावर पाणी पितात. माणसाने त्यांना हजारो वर्षे शेजारी शेजारी बांधले. तरी गायीला म्हशीपासून वासरू झाल्याचे तुम्ही कधी ऐकले आहे का?

नाही, कारण दोघींच्या मध्ये एक न दिसणारे कुंपण आहे. गायीच्या पेशीत ६० गुणसूत्रे असतात, तर आपल्याकडच्या म्हशीच्या पेशीत ५०. पण फरक फक्त आकड्याचा नाही. दोघींचे पूर्वज लाखो वर्षांपूर्वी वेगळे झाले आणि तेव्हापासून दोन्हीकडे बारीकसारीक बदल साचत गेले. आता प्रयोगशाळेत दोघांची बीजे एकत्र आणली, तरी भ्रूणाची वाढ सुरुवातीलाच अडते.

घोडा आणि गाढव यांच्यात मात्र कुंपण थोडे खुले आहे. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२. त्यांचे खेचर जन्मते, धडधाकट असते, डोंगरात ओझी वाहते. पण त्याच्या वाट्याला ६३ गुणसूत्रे येतात. बीजपेशी तयार होताना त्यांच्या जोड्या नीट जुळत नाहीत. म्हणून खेचराला पिल्ले होत नाहीत. अपवाद अगदी विरळा.

भाताच्या शेतातले अर्धे कुंपण

कुंपण अर्धवट उभे असताना कसे दिसते? त्यासाठी गोठ्यातून शेताकडे वळू या.

आपण खातो तो बहुतेक तांदूळ 'इंडिका' गटातला. जपानमधला आखूड, चिकट तांदूळ 'जॅपोनिका' गटातला. दोन्ही एकाच प्रजातीचे. पण १९२८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की दोघांच्या संकरातून आलेल्या रोपांच्या लोंब्यांत बरेच दाणे पोचट राहतात. रोप हिरवेगार, पण दाणा भरत नाही.

असे का होते? याचे एक सुंदर उत्तर २०१२ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी दिले. भातात तीन जनुकांचा एक गट आहे. त्यातले एक जनुक मारेकरी, दुसरे त्याचा साथीदार, तिसरे ढाल. मारेकरी आणि साथीदार एकत्र आले, तरच घात होतो. इंडिकाकडे मारेकरी आणि ढाल आहे, पण साथीदार निकामी. जॅपोनिकाकडे साथीदार आहे, पण मारेकरी आणि ढाल दोन्ही निकामी. आपापल्या घरी दोघेही सुखात. संकरात मात्र मारेकऱ्याला साथीदार भेटतो आणि ज्या स्त्रीबीजांना ढाल मिळालेली नसते, ती मरतात.

इथेच नव्या प्रजाती कशा बनतात याचे मर्म आहे. कुंपण कोणी मुद्दाम घालत नाही. एका प्रजातीचे दोन गट डोंगरामुळे, समुद्रामुळे किंवा नुसत्या अंतरामुळे दुरावतात. प्रत्येक गटात होणारे बदल त्याच्या स्वतःच्या घरात निभावून जातात. पण दुसऱ्या घरातल्या बदलांशी त्यांची गाठच पडलेली नसते. बऱ्याच काळाने भेट झाली, की सूर जुळत नाहीत. असे बेसूर साचत गेले, की एक दिवस दोन प्रजाती उभ्या राहतात.

भाताचे हे अर्धे कुंपण ओलांडण्याची धडपड याच तंजावूर परिसरात फळाला आली. देशात अन्नटंचाई होती. खत दिल्यावर भरपूर पिकणारा भात हवा होता. जॅपोनिकात तो गुण होता. १९५० च्या दशकात कटकच्या संशोधन केंद्रातून संकराची मोठी मोहीम चालली, पण पोचट दाण्यांमुळे हाती फारच थोडे लागले. त्या थोड्यातले एक म्हणजे कुंभकोणमजवळच्या आडुतुरै संशोधन केंद्रातले एडीटी-२७. जपानचा 'नोरिन १०' आणि इथला 'जीईबी २४' यांच्या संकरातून, पिढ्यान्‌पिढ्या निवड करत, १९६५ च्या सुमारास हे वाण शेतकऱ्यांच्या हाती आले. मेट्टूर धरणाचे पाणी सुटल्यावर घेतल्या जाणाऱ्या 'कुरुवै' हंगामासाठी ते सुमारे १०५ दिवसांत तयार होई.

जिथे कुंपणच नाही

आता पुन्हा गोठ्यात या. या कावेरीच्या मुलखाची स्वतःची गोजात आहे, उंबळच्चेरी. जन्मतः वासरू तांबूस असते आणि पुढे करडे होते. हे बैल ठेंगणे, पण काटक. गुडघाभर चिखलात ते दिवसभर नांगर ओढतात.

उंबळच्चेरी आणि जर्सी यांच्यात कुंपण नाही. दोघांचा संकर होतो आणि संकरित गायीलाही वासरे होतात. दूध वाढते, घरात चार पैसे येतात. शेतकऱ्याने संकर केला तर त्यात त्याचे काही चुकत नाही. ट्रॅक्टर आल्यावर बैलाचे कामही उरले नाही. पण प्रत्येक पिढीत असेच होत राहिले, तर एक दिवस शुद्ध उंबळच्चेरी शोधूनही सापडणार नाही.

म्हशीला ही भीती नाही. ती गायीशेजारी आणखी हजार वर्षे उभी राहिली, तरी म्हैसच राहील. तिचे कुंपण निसर्गाने लाखो वर्षे खपून उभारले आहे. उंबळच्चेरी, आपली खिल्लार, डांगी, देवणी यांच्याभोवती ते नाही. त्यांचे वेगळेपण माणसाने निवडून निवडून घडवले आणि ते टिकवायचे तर माणसालाच लक्ष द्यावे लागते. शेजारच्या तिरुवारूर जिल्ह्यात कोरुक्कै येथे उंबळच्चेरीसाठी सरकारी पैदास केंद्र आहे ते याचसाठी.

ओरत्तनाडुला गेलात तर छत्र जरूर पाहा. आणि वाटेत एखाद्या शेताच्या बांधावर करडा, ठेंगणा बैल दिसला, तर मुलांना थांबवून तोही दाखवा.