टिपणे, मिळणे आणि नोट्स

‘नोट्स’ या शब्दाबरोबर कोणते क्रियापद येते याकडे गेली काही वर्षे आमचे लक्ष आहे. आमच्या विद्यार्थिदशेत नोट्स ‘काढल्या’ जात. आज कर्जत-खोपोलीच्या वर्गांत त्या ‘मिळतात’. ‘सर, नोट्स मिळतील का?’ हा प्रश्न सत्राच्या पहिल्या आठवड्यातच कानावर येतो. क्रियापद बदलले तसा कर्ताही बदलला. टिपणे हे मूळचे पाखराचे काम. दाणा टिपायचा तर तो मातीतून ओळखावा लागतो. टीपकागदही टिपतो, पण त्याला ओळखीची गरज नसते. म्हणून त्याच्यावर अक्षरे उमटतात ती उलटी.

आम्ही मराठी शिकवतो. परंतु तालुक्याच्या गावात मराठीच्या शिक्षकाला केवळ आपल्या विषयापुरते राहता येत नाही. मराठी माध्यमातून आलेला वाणिज्याचा, विज्ञानाचा, विधीचा विद्यार्थी इंग्रजी नोट्स घेऊन येतो आणि एखाद्या शब्दाशी अडून बसतो. त्यामुळे चारही शाखांच्या नोट्स आमच्या टेबलावरून जातात. स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात स्पायरल घालून टांगलेल्या या वह्या वरवर चाळल्या तरी एक गोष्ट जाणवते. विषय कोणताही असो, साचा एकच: प्रस्तावना, व्याख्या, वैशिष्ट्ये, फायदे, मर्यादा, समारोप. करार, कोशिका, विपणन आणि कादंबरी या चौघांनाही सारखीच सहा वैशिष्ट्ये असतात. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याला मुद्दे मोजता यावेत म्हणून ही रचना जन्मली आणि पुढे तीच ज्ञानाची रचना होऊन बसली.

यावरून नोट्सना नावे ठेवणे सोपे आहे आणि आमच्या व्यवसायात ते प्रतिष्ठेचेही मानले जाते. त्यात आम्हाला सामील व्हायचे नाही. ज्या वाडीवर घरात छापील कागद म्हणजे रेशनकार्ड आणि देवाचे कॅलेंडर, तिथली मुलगी पदवीच्या वर्गात येते तेव्हा सत्तर पानांची स्पायरल वही हे तिच्या मालकीचे पहिले पुस्तक असते. कर्जतहून मुंबईचे ग्रंथालय गाठायचे तर लोकलने सुमारे शंभर किलोमीटर आणि दोन तास, परतीचे तेवढेच. शिवाय साहाय्यक ग्रंथ हा हीन प्रकार आहे असे आपली परंपरा कधीच मानत नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांनी कालिदास वाचला तो मल्लिनाथाचे बोट धरून. निराधार काही लिहिणार नाही आणि अपेक्षित नसलेले काही सांगणार नाही, असे त्याने टीकेच्या आरंभीच बजावले होते. बाजारातल्या ‘अपेक्षित’ प्रश्नसंचांनी या प्रतिज्ञेचा उत्तरार्ध निष्ठेने पाळला आहे; पूर्वार्धाचे मात्र कुणी मनावर घेतलेले दिसत नाही.

अडचण त्या पूर्वार्धाचीच आहे. प्रत्येक विद्याशाखेचा आधार वेगळा असतो. कायद्यात तो खटल्यातल्या तथ्यांत असतो, विज्ञानात मोजमापात, वाणिज्यात आकड्यांत आणि साहित्यात संहितेतल्या ओळीत. सर्वांना एकाच साच्यात घालताना नेमका हा आधारच गळून पडतो आणि उरते ती निष्कर्षांची यादी.

काही वर्षांपूर्वी खालापूर तालुक्यातला, विधीच्या वर्गात शिकणारा एक विद्यार्थी करार कायद्याच्या नोट्स घेऊन आला. १८७२ च्या कायद्यातील ‘कन्सिडरेशन’ या संज्ञेला मराठी प्रतिशब्द हवा होता. ‘प्रतिफल’ हा शब्द आम्ही सांगितला. नोट्समध्ये त्याची व्याख्या होती, सहा आवश्यक घटक होते, अपवादही होते. समासात मात्र त्याने पेन्सिलीने लिहिले होते: ‘उचल हे प्रतिफल आहे का?’

या भागात ‘उचल’ शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. कातकरी कुटुंबे पावसाळ्याच्या तोंडाशी, नड असताना, वीटभट्टीच्या वा कोळसाभट्टीच्या मालकाकडून आगाऊ रक्कम उचलतात आणि दिवाळीनंतर ती फेडण्यासाठी मुलाबाळांसह भट्टीवर जातात. हिशेब मालकाच्या वहीत असतो. हंगाम संपला तरी उचल पुष्कळदा संपत नाही. वरवर पाहता इथे प्रस्ताव आहे, स्वीकार आहे, रक्कमही हातोहात दिलेली आहे. नोट्समधले सहाही घटक ओळीने लावले तर उत्तर ‘होय’ असे येईल आणि परीक्षेत त्याला गुणही मिळतील.

पण त्याच कायद्यात अनुचित प्रभावाचे आणि बेकायदा उद्देशाचे कलम आहे. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने अशा कर्जाच्या परतफेडीचे दायित्वच संपुष्टात आणले. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवून घेणे ही सक्तीचीच मजुरी, मग ती सक्ती दारिद्र्यातून का आलेली असेना, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये, दिल्लीच्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात म्हटले. यांतले काहीही ‘प्रतिफल’ या प्रकरणात नव्हते. ते दुसऱ्या सत्राच्या दुसऱ्या वहीत होते. दोन वह्यांना जोडणारी रेघ त्या पेन्सिलीने मारली. त्या नोट्समध्ये टिपण म्हणावे असे तेवढे एकच वाक्य होते आणि तेच झेरॉक्सच्या दुकानात मिळालेले नव्हते.

इतर शाखांतही हेच घडू शकते. खोपोलीत १९१५ पासून टाटांचे जलविद्युत केंद्र चालू आहे. घाटमाथ्यावरच्या तलावांचे पाणी नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली येते, वीज देते आणि पुढे पाताळगंगेला मिळते. म्हणजे एक किलो पाण्यामागे ढोबळमानाने ४९०० ज्यूल. ते नळ दिसतात अशा घरातली मुलगी स्थितिज ऊर्जा शिकते ती मनोऱ्यावर ठेवलेल्या कुठल्याशा दगडावरून. वाणिज्यातला ‘समविच्छेद बिंदू’ ‘क्ष’ नावाच्या कारखान्यात सापडतो. भाताच्या या पट्ट्यात भातगिरणीचे वीजबिल, दुरुस्ती आणि हंगामी मजुरी घेऊन तो काढायला कुणी सांगत नाही.

आमच्या विषयाची गोष्ट याहून चमत्कारिक आहे. मराठीतला आद्य गद्यग्रंथ एका अर्थी टिपणांतूनच उभा राहिला. चक्रधरांच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, त्या पाहिलेल्या माणसांना विचारून विचारून गोळा केल्या. आणि जिथे एकाच प्रसंगाची आठवण दोघांना दोन तऱ्हांनी होती, तिथे महानुभाव परंपरेने एकीची निवड करून दुसरी पुसली नाही. ‘वासना’ म्हणून दोन्ही नोंदवल्या. आज लीळाचरित्राच्या नोट्समध्ये ‘भाषिक वैशिष्ट्ये’ या मथळ्याखाली सात मुद्दे असतात. मतभेद जपणाऱ्या ग्रंथाची नोट्समध्ये कुणाशीही मतभेद न होणारी सात वाक्ये व्हावीत, हे आम्हाला खुपते.

नोट्स आता झेरॉक्सच्या दुकानाइतक्याही दूर राहिलेल्या नाहीत. पीडीएफ मोबाइलवर येते आणि यंत्राला प्रश्न विचारला की सहा वैशिष्ट्ये क्षणात तयार होतात. मिळण्याची अडचण एकदाची संपली हे बरेच झाले. म्हणून आम्ही नोट्स देणे थांबवलेले नाही. देतो, पण पानाची उजवी बाजू कोरी सोडून. तिथे विद्यार्थ्याने तीन गोष्टी लिहायच्या: हे विधान कशाच्या आधारावर उभे आहे, आपल्या पंचक्रोशीतले त्याचे उदाहरण कोणते आणि न सुटलेली शंका कोणती. पहिले सत्रभर बहुतेक पाने कोरीच परत येतात. काही जण डावीकडचेच सुवाच्य अक्षरात उजवीकडे उतरवतात. तिसऱ्या सत्राच्या सुमारास कुठे कुठे पेन्सिल दिसू लागते.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला त्या दिवशी आम्ही पुरे उत्तर दिले नाही. ते आमच्या विषयाचे नव्हते. कायद्यांची नावे सांगितली, त्याने ती समासात उतरवून घेतली. पुढच्या वेळी तो आला तेव्हा त्याला ‘दायित्व’ आणि ‘देणे’ यांतला फरक विचारायचा होता.