सिरोंचा : दोन सरोवरांची गोष्ट

आल्लापल्ली सोडल्यावर सुमारे शंभर किलोमीटर सागाचे अरण्य सोबत करते. चौविहार पाळणाऱ्यांनी शिदोरी बरोबर ठेवलेली बरी, कारण वाटेत उपाहारगृहे फारशी नाहीत. अरण्य सरते आणि प्राणहितेचे रुंद पात्र दिसू लागते. अलीकडे सिरोंचा, पलीकडे तेलंगणातील कालेश्वरम. तेथे एकाच पीठावर दोन शिवलिंगे आहेत आणि जवळच प्राणहिता गोदावरीला मिळते.

सिरोंचा 1874 पर्यंत अप्पर गोदावरी जिल्ह्याचे मुख्यालय होते. आज ते तालुक्याचे गाव आहे. बाजारपेठेत मराठीच्या बरोबरीने तेलुगू कानी पडते आणि व्यापारी दोन्ही भाषांत भाव सांगतात. नागपूर दूर, वरंगळ जवळ. त्यामुळे माल कोणत्या दिशेने जातो हे निराळे सांगावयास नको.

जुरासिक काळात या भूमीवर खरोखरच सरोवर होते. कोटा गावाच्या परिसरातील चुनखडकात त्यातील माशांचे जीवाश्म सापडतात. पोचमपल्लीजवळ 1960 च्या सुमारास बारापासॉरस या महाकाय प्राण्याची शेकडो हाडे मिळाली. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीची आठवण म्हणून त्याच्या नावाला ‘टागोराय’ जोडले गेले. हा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आहे. सिरोंच्याजवळ वडधमचे जीवाश्म उद्यान मात्र पाहता येते.

दुसरे सरोवर माणसाने केले. संगमाच्या खाली गोदावरीवर मेडिगड्डा येथे 85 दरवाजांचा बंधारा उभा राहिला आणि 2019 मध्ये नदी समुद्रासारखी पसरली. पाहणाऱ्याचे डोळे निवत. काठच्या शेतकऱ्याच्या पोटात मात्र गोळा उठे. जुलै 2022 च्या महापुरात शेते पाण्याखाली गेली, गावे हलवावी लागली. बंधाऱ्याच्या फुगवट्यामुळे जमीन जाते, ही येथील शेतकऱ्यांची तक्रार. पाणी एका राज्याच्या खाती जमा आणि बुडीत दुसऱ्याच्या नावे, असा हा ताळेबंद!

21 ऑक्टोबर 2023 रोजी बंधाऱ्याचे काही खांब खचले आणि अडविलेले पाणी सोडून द्यावे लागले. पहिले सरोवर दगडात मासे ठेवून गेले. दुसरे चार-पाच वर्षांतच ओसरले. उन्हाळ्यात पुलावर उभे राहिले की खाली वाळूचे लांबच लांब पट्टे दिसतात. काठचा शेतकरी मोटारीचा पाइप त्या वाळूवरून पाण्यापर्यंत ओढीत नेत असतो.