वत्सगुल्मचे रंग

वाशिममध्ये राहणाऱ्याला अजिंठा परका वाटू नये, असं मला फार वाटतं. आपलं गाव म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पाचव्या शतकात इथल्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं कोरवून घेतलं. त्याचा शिलालेख आजही तिथे आहे.

त्या लेण्यातलं एक चित्र माझ्या मनातून जात नाही. बुद्धाचा सावत्र भाऊ नंद याने संन्यास घेतला, त्याचा मुकुट घरी परत आला आणि त्याची पत्नी सुंदरी कोसळली. मान कललेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, अंगातलं त्राण गेलेलं. एक दासी मागून तिला सावरते आहे, दुसरी काळजीने तिच्या तोंडाकडे बघते आहे. आक्रोश कुठेच नाही, तरी बघणाऱ्याचा गळा दाटून येतो. दुःख चेहऱ्याइतकंच हातापायांतही उतरतं, हे त्या चित्रकाराला नेमकं ठाऊक होतं. त्याचं नाव मात्र कुणीच कोरलं नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

आणि या चित्रकारांच्या हाताशी काय होतं? माती, भाताचं तूस, वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, वर चुन्याचा हात, मग गेरू, पिवळी माती, काजळी असे रंग. अशा साहित्यावर त्यांनी राजवाडे, हत्ती, झाडं, माणसांची माया, सगळं उभं केलं.

वाशिमच्या शिक्षकांनो, सहल अजिंठ्याला गेली की मुलांना आधी 16 नंबरच्या लेण्यात न्या. हे आपल्या गावच्या दरबाराने घडवलंय, हे त्यांना तिथेच सांगा.