पृथ्वीचे मतदारसंघ

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर अखिल भारतीय काँग्रेस समितीने जो ठराव संमत केला, तो ‘चले जाव’चा ठराव म्हणून भारतीयांच्या स्मरणात आहे. त्याच ठरावात आणखी एक विचार होता; तो मात्र विस्मृतीत गेला. स्वतंत्र राष्ट्रांचे जागतिक संघराज्य स्थापन झाल्यावाचून जगाला शांतता आणि सुव्यवस्थित प्रगती लाभणार नाही, असे त्यात निःसंदिग्धपणे म्हटले होते. ज्या देशाला स्वतःच्या राजधानीत राज्य करण्याचा अधिकार नव्हता, त्याने अवघ्या जगाच्या राज्यव्यवस्थेची चिंता वाहावी, हे कोणाला भाबडेपणाचे वाटेल. परंतु आपले भवितव्य ज्या सभेत ठरते त्या सभेत आपले माणूस नसणे म्हणजे काय, हे पारतंत्र्य भोगलेल्यालाच नीट उमगते. पुढे भूदानयात्रेत विनोबांनी ‘जय जगत्’ हा घोष दिला, त्यामागेही हीच ओढ होती.

घोष देणे सोपे. कठीण असते ती मोजणी. जगाचे संघराज्य व्हायचे तर त्याला संसद हवी. संसद म्हटली की प्रतिनिधी आले, आणि प्रतिनिधी म्हटले की मतदारसंघांच्या सीमा आखणे ओघानेच आले. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागो येथे रॉबर्ट हचिन्स आणि बोर्जेझे प्रभृती विद्वानांनी जागतिक राज्यघटनेचा एक मसुदा सिद्ध केला व तो १९४८ साली प्रसिद्ध झाला. दर दहा लाख लोकांमागे एक प्रतिनिधी आणि जगाचे नऊ निर्वाचन-विभाग, अशी त्याची योजना होती. पुढे १९५८ साली ग्रेनव्हिल क्लार्क आणि लुई सोन यांनी निराळी वाट चोखाळली. त्यांच्या योजनेत राष्ट्रेच घटक राहिली. परंतु सर्वांत मोठ्या राष्ट्रांना प्रत्येकी तीस आणि सर्वांत लहानांना एकच प्रतिनिधी, अशी चढती पायरी लावण्यात आली. पहिल्या योजनेने माणसे मोजली, दुसरीने राष्ट्रे तोलली. या दोहोंमधील अंतर हाच या विषयाचा गाभा होय.

आज जगाची लोकसंख्या सुमारे ८२० कोटी आहे. दहा लाखांमागे एक प्रतिनिधी म्हटले तर ८,२०० सभासदांची सभा भरेल. तिला संसद म्हणण्यापेक्षा जत्रा म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. एक हजार सभासद पुरेसे मानले, तर प्रत्येक मतदारसंघ ८२ लाखांचा होतो. या हिशेबाने भारताला सुमारे १७७, चीनला १७२, अमेरिकेला ४१, आणि ज्या ब्रिटनला १९४२ साली ‘चले जाव’ म्हणून बजावले त्याला अवघ्या आठ जागा मिळतात. भारतीय वाचकाला हा हिशेब सुखावह वाटणे स्वाभाविक आहे. पण तेवढ्यावर त्याने थांबू नये. प्रशांत महासागराचा नकाशा काढून फिजी, सॉलोमन, व्हानुआतु, सामोआ, किरिबाती, टोंगा, मायक्रोनेशिया, मार्शल, पलाऊ, नाउरू आणि तुवालू ही अकरा स्वतंत्र राष्ट्रे एकत्र केली, तरी त्यांची बेरीज तीस लाखांपर्यंतही पोहोचत नाही. अकरा राष्ट्रगीते, हजारो मैल समुद्र, कित्येक भाषा. आणि एक मतदारसंघसुद्धा पुरा भरत नाही! आज संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत यांतील प्रत्येकाला भारताइतकेच एक मत आहे. सुमारे अकरा हजार लोकवस्तीच्या तुवालूचे मत आणि १४५ कोटींच्या भारताचे मत तेथे समान वजनाचे असते.

यातील कोणती विषमता अधिक अन्यायाची? इतिहास पाहू जाता उत्तर सरळ दिसते. इंग्लंडात ओल्ड सेरम नावाच्या, वस्ती जवळजवळ उरलेलीच नव्हती अशा टेकडीला पार्लमेंटात दोन प्रतिनिधी होते, तर मँचेस्टरसारख्या वाढत्या औद्योगिक शहराला एकही नव्हता. १८३२ च्या सुधारणा कायद्याने हा प्रकार बंद पडला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली राज्यांच्या विधिमंडळांबाबत निर्णय देताना, प्रतिनिधी हे माणसांचे असतात, झाडांचे वा जमिनीचे नव्हेत, असे तत्त्व मांडले. तरीही त्याच देशाच्या सिनेटमध्ये पावणेसहा लाखांच्या वायोमिंगला आणि जवळजवळ चार कोटींच्या कॅलिफोर्नियाला प्रत्येकी दोनच सभासद आहेत, कारण १७८७ साली त्या तडजोडीवाचून संघराज्यच झाले नसते. तत्त्व निर्मळ असते. संघराज्ये मात्र तडजोडीवर उभी राहतात.

भारताने हे स्वतःच्या घरातच अनुभवले आहे. नोव्हेंबर १९४९ मध्ये घटना समितीपुढे बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राजकारणातील ‘एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य’ या तत्त्वाची आठवण दिली होती. त्यानुसार प्रत्येक जनगणनेनंतर लोकसभेच्या जागांची फेरवाटणी व्हावी, अशी तरतूद झाली. परंतु ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांच्याच जागा घटणार, असे दिसू लागताच १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७१ च्या जनगणनेचे प्रमाण गोठविले, आणि २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबविली. परिणामी राजस्थानातील मताचे मूल्य केरळातील मताहून कमी झाले. आणि तरीही केरळाने आपले कर्तव्य केले म्हणून त्याला शिक्षा का, हा प्रश्न निरुत्तर करणाराच राहिला. एका राष्ट्राच्या, एका घटनेच्या छायेत वाढलेल्या भावंडांना जी वाटणी अर्धशतक करता आली नाही, ती परस्परांना परकी असलेली राष्ट्रे सहज करतील, असे मानणे धाडसाचे होईल.

मध्यममार्ग शोधले गेले नाहीत असे नाही. लायोनेल पेन्रोझ या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४६ साली असे सुचविले की, राष्ट्राचा प्रतिनिधी जेव्हा आपल्या देशाचे सारे वजन एकगठ्ठा टाकतो, तेव्हा ते वजन लोकसंख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असावे. या हिशेबाने भारताचे मत तुवालूच्या सुमारे सव्वा लाखपट न होता साडेतीनशेपटींच्या आसपास येते. युरोपीय संसदेने जर्मनीला ९६ आणि माल्टाला सहा जागा देऊन असाच उतार धरला आहे. पण समान मतदारसंघांचा पुरस्कर्ता याला एक मार्मिक उत्तर देऊ शकतो. भारताचे १७७ प्रतिनिधी एकगठ्ठा मत देतीलच कशावरून? विदर्भातील कापूस उत्पादकाचा प्रतिनिधी आणि पश्चिम आफ्रिकेतील माली या देशातील कापूस उत्पादकाचा प्रतिनिधी एका बाजूस बसतील, तर मुंबईचा प्रतिनिधी दुसऱ्या बाजूस. राष्ट्र हा गठ्ठा सुटून माणूस मोकळा व्हावा, हाच तर या कल्पनेचा हेतू.

हे उत्तर समर्थ आहे. तथापि त्याला नकाशावर उतरवावे लागते. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख. तिला सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि उत्तर कन्नड हे तिन्ही जिल्हे जोडले, तरी ८२ लाखांचे माप भरत नाही. सह्याद्री ओलांडून बेळगावकडे हात पसरावा लागतो. मग त्या मतदारसंघाची भाषा कोणती? १९६७ च्या जनमत कौलात ज्या गोमंतकाने आपले वेगळेपण जपण्याचा निर्णय दिला, तो एका अंकगणितासाठी त्यावर पाणी सोडील काय? शिवाय मोजणार कोण, हाही प्रश्न आहेच. लेबनॉनमध्ये १९३२ नंतर अधिकृत जनगणना झालेली नाही, कारण तेथे पंथांची सत्ताविभागणी मोजणीने कोसळण्याची भीती आहे. नायजेरियात १९६२ ची जनगणना रद्द झाली आणि १९६३ चीही वादग्रस्त ठरली. जेथे आकडा म्हणजेच सत्ता, तेथे आकडा निष्पाप राहत नाही.

असे असूनही ही कल्पना टाकाऊ ठरत नाही. आमसभेत राष्ट्रे समान आहेत, सुरक्षा समितीत पाच राष्ट्रे समानांहून अधिक समान आहेत. माणूस म्हणून माणसाला मात्र कोठेच जागा नाही. म्हणून बहुधा दोन सभागृहांचीच वाट उरते: एकात समान मतदारसंघांतून आलेली माणसे आणि दुसऱ्यात लहानमोठी राष्ट्रे. याची खरी निकड तुवालूच दाखवून देतो. समुद्राची पातळी वाढत आहे आणि ती बेटे जेमतेम काही मीटर उंच आहेत. तेथील नागरिकांना ऑस्ट्रेलियात वसण्याची वाट देणारा करार २०२३ मध्ये झाला. ती माणसे उद्या स्थलांतरित झाली, तर लोकसंख्येच्या हिशेबात एकही माणूस कमी होणार नाही. ब्रिस्बेनच्या वा मेलबर्नच्या एखाद्या मतदारसंघात ती तंतोतंत मोजली जातील. केवळ माणसे मोजणाऱ्या सभेला तुवालू बुडाल्याचे कळणारही नाही. आणि केवळ राष्ट्रे मोजणाऱ्या सभेला, ज्यांच्या धुराने तो बुडाला त्यांना जाब विचारण्याचे बळ नाही.