जुनं रिव्हॉल्व्हर बदलावं का?

माझ्या परवान्यावर दोन नग आहेत. शेतावरची बारा बोअरची दुनळी आणि वडिलांकडून वारसाने आलेलं .३२ बोअरचं वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्व्हर. हे रिव्हॉल्व्हर देऊन नव्या बनावटीचं घ्यावं, असा सल्ला मला हितचिंतक बरेच दिवस देत आहेत. पूर्वी या प्रश्नाला एक सोपी पळवाट होती, जुनंही ठेवा आणि नवंही घ्या. शस्त्र कायद्यात डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या अग्निशस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. वारसाने आलेलं हत्यारही या दोनातच मोजलं जातं. दुनळी सोडायची नसेल तर नवं येण्यासाठी जुनं जायलाच हवं. म्हणूनच मला कारण पक्कं हवं आहे, आणि बराच विचार करूनही ते सापडलेलं नाही. माझं मत सरळ आहे: जुन्यात दोष निघाला तर बदलावं, नव्यात गुण दिसला म्हणून बदलू नये.

आधी हे पाहू, की बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हातातल्या लहान हत्याराचा उपयोग तरी किती? ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला असो की सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद-संग्रामपूरकडे, आमचा रोजचा वैरी म्हणजे रोही आणि रानडुक्कर. त्यांच्यापुढे रिव्हॉल्व्हर कुचकामी. शिवाय वन्यजीव कायदा आडवा आहे, वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळी झाडणं म्हणजे पिकाच्या नुकसानीवर खटल्याचं ओझं. उरतो तो स्वसंरक्षणाचा हेतू. रात्री-अपरात्री बाजार समितीतून रोकड घेऊन राजूर घाट उतरणाऱ्याला तो खोटा वाटणार नाही. पण खरं बोलायचं तर बहुतेक परवानाधारकांच्या आयुष्यात हे हत्यार एकदाही माणसावर रोखावं लागत नाही. ते तिजोरीत असतं. निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि जमा करण्याचा आदेश निघाला की ठाण्यात जातं, निकालानंतर परत येतं. अशा हत्याराकडून मागणी एकच असते: वेळ आलीच तर ते चाललं पाहिजे, आणि एरवी चुकूनही चालता कामा नये.

नव्याची बाजू मांडणारे इथे थांबवतात. म्हणतात, २०१४ मध्ये आलेलं ‘निर्भीक’ बघा, वजनाला अर्ध्या किलोच्या आसपास. २०२३ मध्ये कानपूरहून ‘प्रबळ’ आलं, त्याचा पल्ला पन्नास मीटर सांगतात आणि त्याचं चक्र बाजूला उघडतं. हे खोटं नाही. बाजूला चक्र उघडणारी अखंड चौकट ही मधून मोडणाऱ्या जुन्या रचनेपेक्षा मजबूत असते, हे शस्त्रं कळणारा कुणीही मान्य करील. पण पन्नास मीटरचा मला उपयोग काय? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क दिलेला आहे. तो धोका समोर असेतोवरचा आणि धोक्याच्या प्रमाणातला आहे. पन्नास मीटरवरच्या माणसावर गोळी झाडून तो बचावच होता, हे न्यायालयाला पटवून देणं महाकठीण. जिथे हा हक्क खरोखर कामी येतो ते अंतर चार-सहा पावलांचं असतं, आणि तेवढ्यात जुनी नळी आणि नवी नळी सारख्याच. काडतूसही तेच, .३२ चं. दुसरा मुद्दा सीमेपलीकडचा. सातपुडा ओलांडला की बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं पाचोरी, तिथल्या बेकायदा पिस्तुलांच्या बातम्या आमच्याकडे नव्या नाहीत. गुन्हेगाराकडे मॅगझिनवालं पिस्तूल आणि तुमच्याकडे सहा गोळ्यांचं खेळणं, असा टोमणा असतो. ‘निर्भीक’मध्येही सहाच गोळ्या बसतात, एवढं उत्तर त्याला पुरे.

वयाचा आक्षेप अधिक गंभीर आहे. जुनं पोलाद, जुन्या स्प्रिंगा, कधी हातात फुटेल सांगता येत नाही. या भीतीला तपासणीनेच उत्तर देता येतं. वेब्लीचा डाव्या बाजूचा खटका अंगठ्याने दाबला की नळी पुढे झुकते आणि चक्राच्या मधून चांदणीच्या आकाराचा उचलक वर येऊन सहाही घरं मोकळी करतो. घरं रिकामी असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून घ्यायची, नळी पुन्हा बसवायची. मग घोडा चढवून, चाप पूर्ण ओढलेला ठेवत अंगठ्याने घोडा सावकाश उतरवायचा आणि चाप न सोडता चक्र हलवून पाहायचं. चक्र जागच्या जागी घट्ट असेल, नळी आणि चौकट यांच्या बिजागरीत खुळखुळ नसेल, नळीच्या आतल्या आट्या स्वच्छ आणि धारदार दिसत असतील, तर वर्षं किती झाली याला फारसा अर्थ उरत नाही. पोलाद वापराने आणि गंजाने झिजतं, कॅलेंडरने नव्हे. अशा नळीवर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे शिक्के असतात. १८१३ पासून चालत आलेली ही संस्था प्रत्येक नग नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस झाडून पारखत आली आहे. त्यातून .३२ चं हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं, मुळातच कमी दाबाचं. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातली काडतुसं याच मापात मिळतात, त्यामुळे दारूगोळ्याचीही अडचण नाही.

सुट्या भागांच्या बाबतीत मात्र मला माघार घ्यावी लागते. कानपूरच्या .३२ रिव्हॉल्व्हरची रचना वेब्लीच्याच घराण्यातली असली, तरी त्याचे भाग माझ्या नगात जसेच्या तसे बसत नाहीत, कानसून बसवावे लागतात. आणि हे काम खामगाव-मलकापूरच्या कुठल्याही लेथवर करून घेता येत नाही, कारण शस्त्रदुरुस्तीलाही कायद्याने परवाना लागतो. असा जाणकार कारागीर दिवसेंदिवस दुर्मीळ होतोय. मुख्य स्प्रिंग मोडली आणि ती घडवणारा मिळाला नाही, तर माझा सगळा युक्तिवाद एका दिवसात कोसळेल.

असं असूनही पारडं जुन्याकडेच झुकतं, कारण ही अदलाबदल परतीची नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी अग्निशस्त्र आयात करता येत नाही. देशात जी जुनी विलायती हत्यारं आहेत, त्यांच्यातच देवघेव चालते, म्हणून त्यांची किंमत चढी राहते. आज मी वेब्ली देऊन कानपुरी नग घेतला आणि वर्षाने मन बदललं, तर तो मार्ग जवळजवळ बंद असेल. उलट ‘प्रबळ’ आज नाही घेतलं तरी पाच वर्षांनी ते, किंवा त्याहून सरस काही, कारखान्यातून मिळेलच. चढ्या किमतीलाच कारण मानून, विकून पैसे करा असंही सुचवलं जातं. तो हिशेब मला मान्य आहे, पण मग त्याला विक्री म्हणावं, संरक्षणाची सुधारणा म्हणू नये.

राहिली माया. वडिलांची आठवण हे हत्यार ठेवायचं कारण होऊ शकत नाही, असं बजावणाऱ्यांशी मी अर्धा सहमत आहे. निव्वळ आठवण म्हणून भरलेलं रिव्हॉल्व्हर घरात ठेवणं धोक्याचं. पण २०१६ च्या शस्त्र नियमांनीच वारसाला जागा दिली आहे: परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याने हत्यार पंचवीस वर्षं बाळगलं, तर तो हयात असतानाच वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. म्हणजे एका पिढीने सांभाळलेलं हत्यार पुढच्या पिढीकडे जाणं कायद्यालाही गैर वाटत नाही. मायेमुळे एक व्यवहारी फायदाही होतो: जिव्हाळ्याची वस्तू माणूस पुसतो, तेल देतो, तपासतो. शिवाय तिचा चाप किती ओढला की घोडा सुटतो हे बोटाला ठाऊक असतं. ही ओळख नव्या नगाशी पुन्हा शून्यातून करावी लागते आणि त्यासाठी सरावाची काडतुसं हवीत, जी मोजूनमापूनच मिळतात.

तेव्हा माझ्यापुरता निर्णय झाला आहे. चक्र ढिलं पडलं, बिजागरी खुळखुळली किंवा मोडलेला भाग परवानाधारक कारागिराकडून होईना, तर त्याच आठवड्यात विक्रीच्या परवानगीचा अर्ज देईन. तोवर बदल नाही. आपल्यापैकी कुणी अशाच विचारात असेल तर विक्रेत्याला भाव विचारण्याआधी हत्यार परवानाधारक कारागिराला दाखवा.