आभाळातल्या तिकट्या

दोस्तांनो, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत कुणालाही अंबाबाईच्या देवळाची वाट विचारून पाहा. "आधी मिरजकर तिकटीला जावा. तिथनं बिंदू चौक. मग डावीकडं वळा, आलंच देऊळ!" सांगणारा वाटेचे तुकडे पाडतो. तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. तिथं पोचलात, की कळतं, इथवर तरी चुकलो नाही.

वैमानिकही हेच करतो. त्याच्या वाटेच्या एका तुकड्याला म्हणतात 'लेग'. प्रत्येक लेगची दिशा, अंतर आणि वेळ निघण्याआधीच कागदावर मांडलेली असते.

चला, आपणही कागदावर एक छोटं विमान उडवू. वेग ताशी 210 किलोमीटर. उजळाईवाडीच्या विमानतळावरून निघालो, जायचंय मुंबईला. पहिली लेग कऱ्हाडपर्यंत : जवळजवळ उत्तरेला, सुमारे 70 किलोमीटर, म्हणजे 20 मिनिटं. कऱ्हाडच का? तिथं कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि काटकोनात वळून पुढं जातात. नद्यांची तिकटीच म्हणा ना! वरून लगेच ओळखू येते. तिथून वायव्येला मुंबई, सुमारे 245 किलोमीटर, 70 मिनिटं.

आता पश्चिमेकडून ताशी 30 किलोमीटर वेगाचा वारा सुटला. विमानाचं नाक सरळ ठेवलं, तर 20 मिनिटांत आपण 10 किलोमीटर पूर्वेला ढकलले जाऊ आणि संगम राहील बाजूलाच. म्हणून नाक आधीच थोडं डावीकडे, वाऱ्याच्या रोखानं ठेवायचं. पंचगंगा पोहून जाणारी पोरं ओढीच्या उलट अंग वळवतात ना, तसंच.

आणि संगम 20 ऐवजी 23 मिनिटांनी आला तर? वारा समोरचा आहे! तो तसाच राहिला, तर पुढं 70 ऐवजी साधारण 80 मिनिटं लागणार. तेवढं इंधन आहे का? याचं उत्तर कऱ्हाडवरच काढायला हवं. आभाळात पेट्रोलपंप नसतो.

15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला आले, ते असेच टप्प्याटप्प्यानं. पुढं नेव्हिल विन्सेंट यांनी ते टपाल बल्लारीमार्गे मद्रासला नेलं.

आज मोठ्या विमानांना उपग्रह आणि संगणक वाट दाखवतात. त्यांच्या तिकट्यांना जमिनीवर खूणही लागत नाही. नकाशावर एक बिंदू आणि त्याला पाच इंग्रजी अक्षरांचं, झटकन उच्चारता येईल असं नाव. लेग मात्र अजून तशाच आहेत.

आता पट्टी, कोनमापक आणि नकाशा घ्या. तुमच्या गावाहून मुंबईला जाताना पहिली तिकटी कुठली निवडाल? आणि हो, फेरी रात्रीची असेल, तर नदी चालायची नाही हं!